घरी सोडलेली माणसं

माझं एक मत आहे. ज्याच्यावर ओरडायचं होतं त्याच्यावर त्या क्षणी ओरडता आलं नाही, की त्या रागाचा किस्सा होतो. आणि आजारी माणसाच्या घरात ओरडता येत नाही! मग तो राग पिशवीत घालून आपण घरी आणतो, आणि चार माणसं जमली की सोडतो. ऐंशी सालानंतरची सात-आठ वर्षं आम्ही हेच केलं. त्यामुळे साठा भरपूर आहे. बसा निवांत.

आम्ही म्हणजे तिघं. मी मुलुंडला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची, सकाळची शाळा, दुपार मोकळी. दुसरे नेनेकाका. विक्रोळीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, सहा फूट उंच आणि आवाज मात्र देवळात बोलल्यासारखा. तिसऱ्या परबबाई. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं आया होत्या. माझ्या सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून घरी पाठवलं तेव्हा मी नुसती रडत बसले होते. शेजारच्या परबबाई आल्या, त्यांनी पदर खोचला आणि दीड महिन्यात सासूबाईंना गॅलरीपर्यंत चालवत नेलं. म्हणाल्या, "माणूस हास्पिटलात वाचता, बाये. बरा होता ता घरात."

तिथून सुरुवात झाली. हॉस्पिटलातून घरी सोडलेली म्हातारी माणसं, त्यांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं, घरच्यांना शिकवायचं. फुकट. लोक विचारायचे, "तुमच्या संस्थेचं नाव काय?" नेनेकाका सांगायचे, "नाव ठेवलं की बोर्ड लागतो, बोर्ड लागला की अध्यक्ष लागतो. राहू दे!"

* * *

भांडुपला जाधव आजोबा होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. आम्ही गेलो तेव्हा घरी येऊन दहा दिवस झाले होते आणि आजोबा दहाही दिवस पलंगावर आडवे! पाय सुजलेले, पाठ लाल झालेली, छातीत कफ.

मुलगा छापखान्यात कंपोझिटर. अक्षर न् अक्षर जुळवणारा माणूस. परबबाईंनी त्याला झापलं, "ह्यांका चालवलास नाय काय?" तर तो बिचारा हॉस्पिटलचा कागद घेऊन आला. इंग्रजी कागद. त्यावर डॉक्टरनं लिहिलं होतं, "अँब्युलेट ट्वाइस डेली." म्हणजे दिवसातून दोनदा चालवा.

मुलगा म्हणाला, "मॅडम, रोज दोनदा अँब्युलन्स आणायची म्हणजे कशी आणणार हो? एकदा मिळायला चार तास लागले. आणि आणून न्यायचं कुठे, तेही लिहिलं नाही."

मी हसले नाही. माझं डोकंच फिरलं. कागद घेतला आणि परबबाईंना घेऊन थेट त्या डॉक्टरसमोर उभी राहिले. तरुण पोरगा, मराठीच. मी म्हटलं, "हे मराठीत लिहायला काय होतं?"

"मॅडम, मराठीत याला टर्म नाही."

परबबाई म्हणाल्या, "'चालवा' म्हणतत त्याका!"

डॉक्टर म्हणाला, "हो, पण ते फार साधं वाटतं."

साधं वाटतं म्हणे!

* * *

मुलुंड पश्चिमेला एक नवी सात मजली बिल्डिंग झाली होती. करमरकर आजी पाचव्या मजल्यावर. खुब्याचं ऑपरेशन करून टॅक्सीनं घरी आणलं. नेनेकाकांनी एक मोडकी व्हीलचेअर स्वतः दुरुस्त केली होती, तीच आमची एकुलती एक व्हीलचेअर. आजींना तिच्यात बसवलं आणि लिफ्टपाशी नेलं, तर तळमजल्यावर राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर आले.

"लिफ्टमधून सामान न्यायला बंदी आहे. बोर्ड वाचा."

नेनेकाका हळू आवाजात म्हणाले, "सामान नाही. आजी आहेत."

"आजी जाऊ शकतात. खुर्ची सामान आहे. खुर्ची जिन्यानं न्या."

"आजींना उभं राहता येत नाही हो."

"तो मेडिकल प्रश्न झाला. मी फक्त लिफ्टचं बघतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "कुंदा, थांब. मला इथेच ठेव. पत्रपेट्यांपाशी वारा बरा आहे."

तर आम्ही त्यांना तिथेच ठेवलं. सेक्रेटरींच्या दाराच्या बरोब्बर समोर. संध्याकाळचे सहा वाजत आलेले, माणसं ऑफिसातून परतायला लागली. जो येईल तो विचारी, "अरे वा, आजी, आलात घरी? इथे का बसलात?" आणि आजी प्रत्येकाला अगदी गोड आवाजात सांगत, "सेक्रेटरी म्हणतात मी सामानात बसलेय. सामानाची सोय होईपर्यंत थांबलेय."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चहा आणला. दुसऱ्या मजल्यावरून बिस्किटं आली. पाऊण तासात तिथे वीस माणसं! शेवटी सेक्रेटरींची बायकोच बाहेर आली, नवऱ्याकडे न बघता लिफ्टचा दरवाजा सरकवला आणि म्हणाली, "चला आजी, मी येते सोडायला."

आजी जाता जाता सेक्रेटरींना म्हणाल्या, "आता बोर्डावर लिहून टाका हो. सामान स्वतःच्या जबाबदारीवर."

* * *

विक्रोळीच्या एका चाळीत सावंत म्हणून गिरणी कामगार होते. अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं. रोज मी आणि परबबाई त्यांचा हात हलवून घ्यायचो. दोन महिन्यांत बोटं जरा मिटायला लागली होती. केवढा आनंद!

आणि गावाहून त्यांचे मेहुणे आले. आम्ही एक दिवस जातो तर हात कापडानं करकचून बांधलेला. का? तर कबुतराचं ताजं गरम रक्त चोळलंय, आता चार दिवस हात हलवायचा नाही. वर मेहुण्यांनी दुसरं कबुतर पिशवीत आणून ठेवलेलं, पिशवी तिकडे कोपऱ्यात हलतेय!

मला इतका संताप आला. दोन महिने केलेलं सगळं त्या फडक्यात बांधून ठेवलं होतं. सावंतांची बायको रडत म्हणाली, "ताई, मी काय करू? मोठे आहेत ते."

मेहुणे म्हणाले, "तुम्हा शिकलेल्या बायकांना यातलं काय कळतंय? रक्तानं रक्त जागं होतं."

परबबाईंनी आधी फडकं सोडलं. मग कोपऱ्यात गेल्या, पिशवीचं तोंड उघडलं आणि मेहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि उद्या ह्या कबुतराक लकवो मारलो, तर तुमचा रगात लावूचा काय?"

कबुतर फडफडत बाहेर गेलं. आणि पलंगावरून एक विचित्र आवाज आला. आम्ही घाबरून बघतो तर सावंत हसत होते! तोंडाची एकच बाजू हसत होती, दुसरी तशीच. झटका आल्यापासून ते हसलेच नव्हते. बायको हातातली वाटी टाकून ओरडली, "हसले! अहो, हसले!"

मेहुणे संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना म्हणाले, "बघितलंत, गुण आला!"

* * *

घाटकोपरचं एक घर. मोठा फ्लॅट, फ्रीज, रंगीत टीव्ही, गुबगुबीत कुत्रा. घरातल्या आजींचं हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं, तीन आठवडे हॉस्पिटल. मी आठ दिवस जात होते. नवव्या दिवशी सून म्हणाली, "तुम्ही येताच ना रोज, म्हणून आम्ही जरा चार दिवस महाबळेश्वरला जाऊन येतो. कामाची बाई राहील. सगळं लिहून ठेवलंय हं, काळजी करू नका."

आणि खरंच लिहून ठेवलं होतं! फ्रीजवर कागद चिकटवलेला. वर सुंदर अक्षरात कुत्र्याचं नाव, अधोरेखित केलेलं. सकाळी किती वाजता फिरवायचं. दूध कोमट हवं. पोळी कुस्करून. उन्हात नेऊ नये. एकटं वाटलं तर पंख्याखाली त्याची सतरंजी घालावी, जवळ कोणीतरी बसावं. अंघोळ शनिवारी. अशा बारा ओळी. मग कुंड्या, चार ओळी.

सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती म्हणून तिरकं लिहिलेलं: "आई. गोळ्या टेबलावर."

मी तो कागद आजींना वाचून दाखवायला नको होता. पण रागाच्या भरात दाखवला. त्या ऐकत होत्या, कुत्रा पायाशी बसलेला. त्यांनी सुनेची बाजूच घेतली. "तो मुका जीव आहे हो. त्याला काय हवं ते सांगता येत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला येतं ना सांगता," आजी म्हणाल्या. "पण विचारायला तर हवं कुणीतरी."

* * *

दुसऱ्यांच्याच चुका सांगतेय असं वाटेल, म्हणून हा एक किस्सा माझा.

पार्ल्याला लेलेबाई एकट्याच राहायच्या. वय सत्तरच्या पुढे, दोन मजले चढून वर खोली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. मी मुलुंडहून दोन बस बदलून जायची, त्यामुळे मला वाटायचं, जाऊन सगळं केलंच पाहिजे. वेणी मी घालायची, भाजी मी चिरायची, चहा मी करायची. त्या म्हणायच्या, "अगं, डाव्या हातानं करते मी." मी म्हणायची, "तुम्ही बसा हो!"

एक दिवस त्यांना डाव्या हातानं स्टोव्ह पेटवताना बघितलं. जाताना गुपचूप घरातली काडेपेटी पर्समध्ये घातली. मनात म्हटलं, झालं, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी जाते तर बाई खुर्चीत, समोर वाफाळता चहा. माझ्यासाठीही कप भरलेला. आणि बशीत कोरी करकरीत काडेपेटी! सत्तरीची बाई, प्लास्टरचा हात घेऊन, दोन जिने उतरून, रस्ता ओलांडून वाण्याकडे जाऊन आली होती. जे होऊ नये म्हणून मी एवढं केलं, ते सगळं माझ्यामुळेच झालं.

मी म्हटलं, "लेलेबाई, पडला असतात तर?"

त्या एवढ्या चिडल्या होत्या की चहा हिंदकळला. "कुंदा, मोडलंय ते मनगट. मी नव्हे!"

काडेपेटी परत दिली. त्यानंतर प्रत्येक घरात आधी विचारायची सवय लावून घेतली, "हे तुम्ही करणार की मी करू?"

* * *

आता वॉकरचा किस्सा. वॉकर म्हणजे धरून चालायची ती ॲल्युमिनियमची चार पायांची चौकट. तेव्हा फार दुर्मिळ. एका क्लबचा निरोप आला की आम्ही आठ गरजू वृद्धांना वॉकर वाटणार, माणसं तुम्ही आणा. आम्ही हुरळलो. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची आठ माणसं, कोणी रिक्षात, कोणी टॅक्सीत, हॉलवर आणली. दीड तास भाषणं. एक आजोबा लघवीला जायचं म्हणून तीनदा हात वर करत होते, तर निवेदिका म्हणाली, "आजोबांना मनोगत व्यक्त करायचंय!" टाळ्या!

मग वाटप. पहिलं नाव भास्करराव चव्हाण. स्टेजवर वॉकर, पाहुण्यांनी हातात दिला, फोटो. भास्करराव त्याच्या आधारानं खाली उतरू लागले, तर एका पदाधिकाऱ्यानं वॉकर अलगद धरून ठेवला. "काका, तुम्ही खुर्चीत बसा. हा इथेच राहू दे."

"का?"

"पुढच्या फोटोला लागेल."

वॉकर एकच होता! आठ फोटो, आठ म्हातारे, एक वॉकर. बाकीचे म्हणे "ऑर्डर दिलीय, येतील." माझे कान गरम झाले. मी उठलेच, पण नेनेकाकांनी मला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हॉलभर ऐकू आला. "भास्करराव! मिळाला ना तुम्हाला? फोटो निघाला ना? मग चला घरी!"

भास्कररावांनी एकदा पाहुण्यांकडे बघितलं, एकदा नेनेकाकांकडे. वॉकरला हिसका दिला आणि निघाले. ठक, ठक, ठक. तो पदाधिकारी मागे. पण सगळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या हातातून ओढणार कसा? फोटोग्राफर तर समोरच! भास्करराव मधल्या वाटेनं अख्खा हॉल चालून गेले. दारात परबबाई रिक्षा धरून उभ्या.

बाकीचे सात वॉकर अजून यायचेत.

* * *

आणि हा मंजुळाबाईंचा. हा मी फारसा सांगत नाही.

भांडुपच्या चाळीत एक खोली, ती त्यांच्या नावावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मोठा सुरेश डोंबिवलीला, धाकटा दिलीप ठाण्याला, दोघंही चाळिशीतले. मंजुळाबाईंना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलनं घरी सोडलं तेव्हा दोन्ही मुलांचं एकच म्हणणं, "आमच्याकडे जागा नाही." त्यांना जागा नव्हती म्हणून आई आपल्याच खोलीत राहिली आणि शेजारणी जेवण घालत. आम्ही तिघं आळीपाळीनं जायचो. परबबाई त्यांना शब्द शिकवायच्या. "म्हणा, पाणी. म्हणा, चाय." चार महिने. नुसता "अ" यायचा. पण डोळे! सगळं कळायचं त्यांना. डावा हात चांगला चालायचा, त्या हातानं माझी बांगडी फिरवत बसायच्या.

त्या चार महिन्यांत मुलं तीनदा आली. चौथ्यांदा रविवारी सकाळी आली, तेव्हा आम्ही तिघंही तिथे होतो. सुरेशच्या हातात टाईप केलेला स्टॅम्प पेपर, दिलीपकडे जांभळ्या शाईचा पॅड.

सुरेश नेनेकाकांना म्हणाला, "बरं झालं काका, भेटलात. साक्षीदार म्हणून सही करा. आईला तसं आता काही कळत नाही, पण फॉर्मॅलिटी असते."

नेनेकाका म्हणाले, "कळत नाही तर अंगठा कसला घेता? आणि कळत असेल तर आधी वाचून दाखवा."

कोणी वाचेना. मग काकांनीच कागद घेतला, पलंगाशेजारी स्टुलावर बसले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात अख्खा वाचला. खोली दोन्ही मुलांच्या नावे होईल. आईची व्यवस्था "सोयीच्या ठिकाणी" करण्यात येईल.

"सोयीच्या म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"बघू ना," सुरेश म्हणाला.

"कोणाच्या सोयीच्या?"

"बाई, तुम्ही सेवा करता, खूप उपकार आहेत. पण हा घरातला मामला आहे." आणि भावाला म्हणाला, "दिलीप, घे रे."

परबबाई पुढे झाल्या, तर नेनेकाकांनी हातानं थांबवलं. मला तेव्हा त्यांचाही राग आला.

दिलीप पलंगावर आईजवळ बसला. तिचा डावा हात हातात घेतला, अंगठा पॅडवर दाबला, नीट दोन्हीकडून शाई लावली. तो कागद सरळ करायला खाली वाकला.

मंजुळाबाईंनी त्याच्या हातातून हात सोडवून घेतला. सावकाश वर उचलला. आणि तो अंगठा त्याच्या गालावर टेकवला. खाली, हनुवटीच्या कडेला. लहान मुलाला तीट लावतात ना, तिथे. नीट गोल आला की नाही ते मान तिरकी करून बघितलं. मग पदराला शाई पुसली, अंगठा स्वच्छ होईपर्यंत पुसली, आणि हात गोधडीच्या आत घेतला.

सुरेश म्हणाला, "परत लाव. शाई परत लाव."

दिलीपनं पॅडचं झाकण लावलं. बंद होईना, तर दोनदा दाबलं. उठला आणि बाहेर पडला.

मी दारापाशी होते. खाली नळावर बायका होत्या, त्यातल्या एकीनं वर बघितलं.

"अरे दिलीप, तोंडाला काय लागलंय तुझ्या?"

तो म्हणाला, "आईनं लावलंय."